वर्ध्याचे शेठजी आणि ओतीव अॅल्युमिनियम

चेतक स्कूटर आठवते? आजोबांची, नाहीतर काकांची. सुरू झाली नाही की एका अंगावर कलती करायची आणि मग किक मारायची. तिच्या इंजिनाचं कवच अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, ओतीव. आणि ती बनवणाऱ्या कंपनीचं मूळ नाव होतं बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. हे शेठ बच्छराज वर्ध्याचे. जमनालाल बजाज त्यांचे दत्तक नातू.

याच जमनालालांची वर्ध्यातली बाग पुढे मगनवाडी झाली. 1934 साली गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला, त्याचं ठाणं इथे. जे. सी. कुमारप्पा तेलघाणी, हातकागद, चूल यांच्यावर प्रयोग करत होते. प्रश्न एकच होता: गावातल्या माणसाला गावात काम कसं मिळेल?

जमनालाल 1942 मध्ये गेले. बच्छराज ट्रेडिंग 1945 ची. आधी परदेशी गाड्या विकल्या, 1959 मध्ये उत्पादनाचा परवाना मिळाला, 1960 मध्ये नाव झालं बजाज ऑटो. कारखाना उभा राहिला पुण्याजवळ आकुर्डीला.

डाय कास्टिंगचं गणित मगनवाडीच्या बरोबर उलटं. अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. तो रस दट्ट्याच्या जोराने पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये घुसवतात. काही सेकंदांत थिजतो, डाय उघडते, पिना तुकडा बाहेर ढकलतात, कडेची फ्लॅश कापली की झालं. पण डाय प्रचंड महाग. दहा कवचांसाठी ती कुणी बनवणार नाही. हजारो नग निघाले तरच खर्च वसूल होतो. चरख्याला असली सक्ती नाही, एकटाही चालतो.

गंमत म्हणजे डायला हवेत हजारो नग आणि परवाना म्हणतो, इतकेच बनवा! 1972 मध्ये चेतक आली, तेव्हा लोक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. मला तरी ही टंचाई कंपनीची हुशारी वाटत नाही, ती सरकारी मर्यादा होती. कंपनीला मात्र तिचा फायदाही झाला, कारण गिऱ्हाईक शोधायला लागत नव्हतं.

आकुर्डी, भोसरी, चाकण या पट्ट्यात सुटे भाग ओतणारे कारखाने वाढले. एकाला लागून दुसरा, कारण डाय दुरुस्त करणाराही हाकेच्या अंतरावर लागतो. वर्ध्यात तसं जाळं विणलं गेलं नाही. आयटीआय झालेली पोरं आजही महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला निघतात. स्टेशनपासून मगनवाडी फार लांब नाही.