सोंग आणि भान

काल्पनिक वीरांची सोंगे घेऊन खेळावयाचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. मुलांचे वास्तवाचे भान सुटेल, अशी धास्ती पुढे तेथील पालकांनी घेतली. आपल्या इतिहासात भान सुटले, ते पाहणाऱ्यांचे. सदाशिवरावभाऊ १७६१ साली पानिपतावर पडले. परंतु पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य अखेरपर्यंत मानले नाही. अनेकांच्या मनातील याच आशेवर सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण ‘भाऊसाहेब’ बनला. १७७६ साली कोकणातील किल्ले त्याच्या हाती गेले. अखेर महादजी शिंदे प्रभृतींनी बंड मोडले. तोतयास पुण्यात देहान्त शासन झाले. नातवंडांच्या खेळाला भिण्यापूर्वी आपण ग्वाल्हेरकरांनी हे स्मरावे. खेळातले सोंग सर्वांना ठाऊक असते. घात होतो तो लपविलेल्या सोंगाने, आणि त्यावर विश्वास ठेवू पाहणाऱ्या व्याकूळ मनाने.