गोल्ड मेंबर कोण: पासवाला की पैसेवाला?

आजचा विषय विमानाचा आहे, पण निघूया पाचोरा स्टेशनवरून.

पाचोऱ्याहून जळगावला रोज अप-डाउन करणारा माणूस वर्षाला सहज पाचशे वेळा गाडीत चढतो. रेल्वे त्याला मासिक पास देते. रोज तिकीट काढण्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो. पगार किती, हुद्दा कोणता, कोणी विचारत नाही. जास्त प्रवास, जास्त फायदा. हिशोब सरळ आहे.

विमान कंपन्यांनीही सुरुवात अशीच केली होती. 1978 साली अमेरिकेत विमानभाड्यांवरचं आणि मार्गांवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि गिऱ्हाइकांसाठी ओढाताण सुरू झाली. 1 मे 1981 ला अमेरिकन एअरलाइन्सने 'ॲडव्हान्टेज' योजना आणली. पहिले सभासद कसे शोधले? 'सेबर' या त्यांच्या बुकिंग सिस्टिममध्ये कुठले फोन नंबर पुन्हा पुन्हा येतात ते बघून. आपल्या भाषेत, एक साधी क्वेरी! तेव्हा मोजायचे ते उडालेले मैल.

मग माप बदललं. डेल्टाने 2015 पासून मैल द्यायला अंतराऐवजी तिकिटाची किंमत धरली आणि 2024 पासून स्टेटसही फक्त खर्चावर. त्याच वर्षी आपल्या एअर इंडियानेही अंतर सोडून खर्च मोजायला घेतला.

आता बघा. लेकीच्या बाळंतपणासाठी एक आई मुंबईहून न्यू जर्सीला जाते. सगळ्यात स्वस्त तिकीट, अर्धी पृथ्वी पार. दुसरा एक साहेब ऑफिसच्या पैशावर मुंबई-दिल्ली महागड्या सीटवर ये-जा करतो. पैसे कंपनीचे, गोल्ड कार्ड मात्र साहेबांच्या नावावर! जुन्या मापात त्या आईच्या लांब प्रवासाला वजन होतं, नव्या मापात ते उरलं नाही.

कंपनी म्हणेल, जो जास्त पैसे देतो त्याला जास्त देतो, यात चूक काय? व्यापार म्हणून ते बरोबरच आहे. पण मग त्याला 'निष्ठा' कशाला म्हणायचं? सरळ 'खर्च' म्हणा की!

हा वाद नवा नाही बरं का. 1917 साली गांधीजींनी मुंबई-मद्रास प्रवास थर्ड क्लासने केला. तिकीट होतं 13 रुपये 9 आणे. फर्स्ट क्लासचं भाडं पाचपटीहून जास्त. त्यांनी विचारलं, पण थर्डवाल्याला फर्स्टच्या पाचव्या हिश्शाइतकी, निदान दहाव्या हिश्शाइतकी तरी सोय मिळते का? म्हणजे पैशाचा नियम मान्य केला, तरी त्याच नियमाने गरिबाचा हिशोब चुकतोय. आणि रेल्वेला प्रवाशांकडून मिळणारा बहुतेक पैसा तर याच थर्डवाल्यांचा होता!

1974 ला थर्ड क्लास हे नाव गेलं, पण सेकंड क्लासच्या स्लीपरमध्ये झोपायला लाकडी फळ्याच. मग 1977 ला रेल्वेमंत्री झाले आपले प्रा. मधु दंडवते. जन्म अहमदनगरचा, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवलेलं, खासदार राजापूरचे. त्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच फोम बसवायला लावला. 26 डिसेंबर 1977 ला मुंबई-हावडा मार्गावर गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, वर्ग नसलेली गाडी. भुसावळकडे जाताना ती आपल्या पाचोऱ्यावरूनच धडधडत जाते.

त्या फोममुळे फर्स्ट क्लासची गादी कोणी काढून घेतली नाही. फक्त तळ वर आला. माझ्या मते न्यायाची कसोटी इथेच आहे. गोल्डवाल्याला लाउंजमध्ये चहा दिला, तर माझं काही जात नाही. पण फ्लाइट रद्द झाल्यावर पुढच्या विमानातली उरलेली सीट कार्डाचा रंग बघून दिली, तर ती रांगेतल्या कोणाची तरी गेलेली असते. कदाचित त्याच आईची. पहिल्याला बक्षीस म्हणू. दुसऱ्याला वशिला म्हणायचा, फक्त तो कॉम्प्युटरने लावलेला.

स्टेटस खुशाल द्या. पण आधी शेवटच्या सीटवरच्या माणसाला पाणी, खरी माहिती आणि रांगेतला त्याचा नंबर द्या. दोन इंच फोम सगळ्यांना, गादी ज्याला परवडेल त्याला.

तुमच्या मते माप कोणतं असावं: फेऱ्या, अंतर की पैसा? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!