उदगीरच्या तोफा आणि पाहुणे कारागीर

संरक्षणाची सामग्री व विमानें तयार करणाऱ्या कारखानदारांचे मेळावे भरविण्याची रीत आतां सर्वत्र रूढ झाली आहे. बंगळूरजवळ येलहंका येथें १९९६ पासून विमानविद्येचें मोठें प्रदर्शन भरत आलें आहे. २०२४ च्या फेब्रुवारींत पुण्याजवळ मोशी येथें लहान व मध्यम कारखानदारांसाठीं असेंच एक संरक्षण-प्रदर्शन भरलें होतें. अशा मेळाव्यांत देशोदेशींचे पाहुणे व्याख्यानें देतात, आणि बोलणें कोठूनहि सुरू झालें तरी तें शेवटीं एकाच प्रश्नावर येऊन ठेपतें : शस्त्र विकत घ्यावयाचें, कीं तें घडविण्याची व चालविण्याची विद्या घरीं आणावयाची? हा प्रश्न यंत्रयुगाबरोबर जन्मला असें मानण्याचें कारण नाहीं. आजच्या लातूर जिल्ह्यांतील उदगीर आणि औसा या दोन किल्ल्यांमधल्या काळ्या रानांत तो १७६० सालींच उभा राहिला होता.

दक्षिणेंत मोठी तोफ ही बहुधा पाहुण्याच्या हातची. विजापुरास असलेली मलिक-इ-मैदान ही अजस्र तोफ १५४९ मध्यें अहमदनगरास ओतली गेली, ती महंमद बिन हसन रूमी याच्या देखरेखीखालीं. तो तुर्कांच्या मुलुखाकडचा होता हें त्याचें नांवच सांगतें. पुढें ती परांड्याच्या किल्ल्यांत होती व १६३२ मध्यें तेथून विजापुरास गेली. अशा तोफा बुरुजावर चढविल्या कीं पिढ्यान्‌पिढ्या तेथेंच राहत. लढाईनें त्यांच्याकडे यावें, त्यांनीं लढाईकडे जावें हें घडत नसे.

अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रेंचांनीं हा क्रम पालटला. चाकांवरच्या हलक्या तोफा, त्यांच्या आगेंमागें रांगेनें गोळी चालविणारें पायदळ, आणि लुटीवर नव्हे तर ठरल्या पगारावर जगणारा शिपाई, असा हा नवा प्रकार होता. सलाबतजंगाच्या पदरीं असलेल्या बुसी या फ्रेंच सेनानीनें तो मराठ्यांना १७५१ च्या नोव्हेंबरांत कुकडी नदीच्या कांठीं दाखविला. रात्र चंद्रग्रहणाची होती. बाळाजी बाजीरावांच्या छावणींत स्नानपूजा चालली असतां बुसीच्या तोफा धडाडूं लागल्या आणि पेशव्यांना पूजेचीं उपकरणें टाकून निघून जावें लागलें. तो धडा पुणें दरबार विसरला नाहीं.

फ्रेंच पद्धतीनें शिकलेल्या या शिपायांना मराठींत गारदी म्हणूं लागले. १७७३ मध्यें नारायणराव पेशव्यांचा वध झाल्यावर या शब्दाला जो काळिमा लागला तो अद्यापि पुसला गेलेला नाहीं. परंतु त्यापूर्वीं तो केवळ कसबी शिपायाचा वाचक होता, हें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. १७५८ मध्यें बुसीला त्याच्या वरिष्ठांनीं परत बोलाविलें. त्याच्या तालमींत तयार झालेला इब्राहिमखान गारदी निजामअलीची चाकरी सुटल्यावर मराठ्यांकडे आला, आणि सदाशिवराव भाऊंनीं त्याला ठेवून घेतलें. त्याच सुमारास, १७५९ मध्यें, मुजफ्फरखान या दुसऱ्या गारद्यानें भाऊंवर मारेकरी घालण्याचा प्रयत्न केला व तो देहान्त शिक्षेस पात्र झाला. असें असूनहि भाऊंचा इब्राहिमखानावरचा विश्वास ढळला नाहीं. माणसाची पारख या गुणाचें श्रेय भाऊंना सहसा दिलें जात नाहीं. येथें तें द्यावयास हवें.

युद्धाला निमित्त झालें अहमदनगरच्या किल्ल्याचें. १७५९ च्या नोव्हेंबरांत तेथील किल्लेदार कवीजंग याला वश करून मराठ्यांनीं किल्ला हातीं घेतला आणि निजामाशीं उघड वैर जुंपलें. सलाबतजंग व निजामअली उदगीरकडे होते. त्यांची दुसरी फौज धारूरच्या बाजूस होती. तिला जाऊन मिळावें या बेतानें त्यांचें सैन्य तोफांचा गराडा भोंवतीं ठेवून, मध्यें बुणगे घालून, उदगीराहून औशाकडे सरकत चाललें. मराठी घोडदळ त्याच्या चारी अंगांस घिरट्या घालीत होतें. रसद तोडावी, शत्रूला झोंप लागूं देऊं नये, हा डाव जुनाच. पण नुसत्या घोड्यांनीं तोफांचा गराडा फुटत नाहीं. ती उणीव इब्राहिमखानाच्या तोफांनीं भरून काढली. पावसाळ्यांत या भागांतील काळ्या मातींत गाडीचें चाक आंसापर्यंत रुततें. हिंवाळ्यांत मात्र तीच माती टणक होते आणि बैलांनीं ओढलेल्या तोफा फौजेबरोबर चालूं शकतात. मोहीम जानेवारींत झाली ही गोष्ट सेनापतीच्या धोरणाइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं औशाच्या बाजूस निकराची लढाई होऊन मोगलांची फळी मोडली. निजामअलीनें आपली मोहर भाऊंकडे पाठवून तह मागितला. सुमारें साठ लक्षांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर हीं ठिकाणें मराठ्यांस मिळालीं.

मुलूख मिळाला, विद्या मात्र इब्राहिमखानाच्या पथकापाशींच राहिली. अकरा महिन्यांनीं, १४ जानेवारी १७६१ रोजीं, पानिपतावर तें पथक प्राणपणानें लढून कापलें गेलें, तोफा शत्रूच्या हातीं पडल्या आणि खान स्वतः पकडला जाऊन मारला गेला. उदगीरचा विजय ज्याच्या कसबावर उभा होता, तो माणूस गेला त्या दिवशीं तें कसबहि गेलें.

यानंतर मराठ्यांनीं हात जोडून स्वस्थ बसणें पत्करलें असें नाहीं. माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दींत ओतूरजवळ आंबेगव्हाण येथें तोफांचे गोळे पाडण्याचा कारखाना निघाला. तोफखान्याची सरदारी पानसे घराण्याकडे चालली. परंतु ओतलेली तोफ ही एक वस्तु आणि ती रांगेंत, वेळेवर, मापून चालविणारा माणूस ही दुसरी. या दुसरीसाठीं महादजी शिंद्यांनींहि पाहुणेच बोलाविले. कवायती पलटणी डी बॉयननें उभारल्या आणि आग्र्याचा तोफांचा कारखाना सँगस्टर नांवाच्या स्कॉच माणसानें चालविला. १८०३ मध्यें इंग्रजांशीं युद्ध जुंपतांच शिंद्यांच्या फौजेंतील कित्येक युरोपीय अधिकारी नोकरी सोडून गेले.

नांदेड, कंधार, उदगीर, औसा हा टापू पुढें १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यांत राहिला, तेथेंहि निराळें कांहीं घडलें नाहीं. निजामअलीनें उदगीरचा धडा घेतला, तो आणखी एक फ्रेंच पाहुणा ठेवून. त्याचें नांव रेमाँ. त्यानें हैदराबादेंत तोफांचा कारखाना काढला, मोठी कवायती फौज तयार केली आणि १७९५ मध्यें खर्ड्याच्या रणांत त्याच्या पलटणी चांगल्या लढल्या. निजामानेंच माघार घेतली. १७९८ च्या मार्चांत रेमाँ वारला. त्याच वर्षीं इंग्रजांशीं झालेल्या तहाच्या एका कलमानें ती सुमारें चौदा हजारांची फौज ऑक्टोबरांत निःशस्त्र करून मोडून टाकण्यांत आली. कारखाना होता त्या वस्तीस हैदराबादेंत अजूनहि गनफाउंड्री म्हणतात, आणि मुसारामबाग या दुसऱ्या वस्तीच्या नांवांत त्या फ्रेंच सेनानीचें नांव लोकांच्या तोंडीं उरलें आहे.