आवाजाची पाठवणी

या व्याख्यानमालेत थोरांची चरित्रे होतात, राज्यांचे उदयास्त होतात. मग मिक्सरवरच्या एका बटणाचा इतिहास कशाला, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. माझे म्हणणे एवढेच, की ज्या यंत्रावाचून हल्ली कीर्तनही होत नाही आणि संपाची सभाही होत नाही, ते कुणाच्या अडचणीतून घडले हे आपल्याला ठाऊक असावे.

ध्वनिक्षेपकवाल्याच्या टेबलावरची पेटी पाहा. प्रत्येक माईकच्या रांगेत ‘ऑक्स’ नावाचे एखाददुसरे बटण असते. ऑक्झिलरी म्हणजे साहाय्यक. मुख्य वाटेने चाललेल्या आवाजाचा एक फाटा काढून दुसरीकडे धाडायचा, तो ‘सेंड’; तिथे त्याच्यावर काही संस्कार होऊन तो पेटीत परत आला, की ‘रिटर्न’. ज्याने शेताला पाणी देताना दारे धरली आहेत त्याला हे समजावायला नको. पाटातून चारी फुटते तशी ही वाट फुटते. फरक असा, की चारीला पाणी सोडले म्हणजे पाटातले कमी होते. इथे मुख्य आवाज तसूभरही उणा होत नाही.

पण आवाज दुसरीकडे धाडायचाच कशाला? घुमवायला. खडकाची किंवा चुन्याची भिंत आवाज गिळत नाही, परत करते. आपल्या हत्तीखान्याच्या कोरीव मंडपात उभे राहून हाक मारा, म्हणजे कळेल. या घुमण्याचे गणित 1895 साली अमेरिकेत सुरू झाले. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातल्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्दच कळेनात. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. रात्री गाव निजल्यावर तो जवळच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या उचलून आणी, ऑर्गनची नळी वाजवून थांबवी आणि सूर विरायला लागणारा वेळ मोजी. सकाळच्या आत गाद्या पुन्हा जागेवर! रिकाम्या दालनात तो वेळ सुमारे 5.5 सेकंद भरला. तेवढ्यात वक्ता वीस-पंचवीस अक्षरे पुढे गेलेला असतो. भाषणाला घुमारा हा असा शत्रू. गाण्याचे मात्र उलट आहे. अजिबात न घुमणारा गळा कोरडा वाटतो. आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीला तर आतून गाद्या व पडदे लावलेले!

आपल्याकडे बोलपट आला 14 मार्च 1931 रोजी, ‘आलम आरा’ने. तेव्हा नट गात आणि वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून साथ करीत. 1935 पासून पार्श्वगायन रुळू लागले आणि गाणाऱ्याला बंद खोली मिळाली. 1949 च्या ‘महल’मध्ये एका गाण्याचा आवाज दुरून येत येत जवळ पोचतो, हे आपणां सर्वांना आठवत असेल. लताबाईंनी पुढे स्वतः सांगितले आहे, की माईक खोलीच्या मधोमध होता आणि त्या कोपऱ्यापासून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. विशीच्या उंबरठ्यावरच्या मुलीच्या पायांनी ते अंतर उभे केले. तबकडीवर नाव कुणाचे छापले? ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा गायिकेचे नाव लोकांपुढे आले. संघटनेच्या कामात ज्याचे केस पिकले त्याला ही गोष्ट टोचल्यावाचून राहत नाही. गळा तिचा, चालणे तिचे आणि श्रेय एका कल्पित बाईला!

त्याच्या दोन वर्षे आधी शिकागोत दुसरी तोड निघाली होती. बिल पटनम या ध्वनिमुद्रकाने 1947 साली ‘हार्मोनिकॅट्स’ या माउथ ऑर्गनवाल्या त्रिकूटाचे वादन मुद्रित करताना न्हाणीघरात एक कर्णा आणि एक माईक ठेवला. वादक जागचे हलले नाहीत. त्यांच्या आवाजाचा फाटा तेवढा तारेवाटे न्हाणीघरात गेला, भिंतींवर आपटून घुमला आणि तिथल्या माईकवाटे परत येऊन मूळ आवाजात मिसळला. सेंड आणि रिटर्न ते हेच. माणसाने चालायचे, त्याऐवजी आवाज चालू लागला.

आता न्हाणीघर एक आणि माईक दहा. पुढे 1957 साली जर्मनीत इएमटी कंपनीने घुमाऱ्यासाठी सुमारे दोन मीटर लांब व एक मीटर रुंद पोलादी पत्रा चौकटीत टांगला. त्या यंत्राचे वजन पाव टनाच्या वर. असे धूड प्रत्येक माईकला वेगळे कोण देणार? म्हणून घुमारा सामाईक ठेवला आणि प्रत्येकाच्या रांगेत आपापल्या वाट्याचे बटण दिले. गावच्या एका विहिरीवर दहा घरच्या घागरी, तसे. भजनात गळ्याचे बटण थोडे जास्त, पखवाजाचे जवळजवळ बंद. आपेगावच्या शंकरबापूंचा पखवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना बोल एकमेकांत कालवले म्हणजे काय नासते ते सांगायला नको.

फाटा कुठून फोडायचा यालाही महत्त्व आहे. घुमाऱ्याचा फाटा फेडरच्या, म्हणजे मुख्य सरकपट्टीच्या, पुढून घेतात. गळा कमी केला की घुमाराही त्याबरोबर उतरतो. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून मंचावर जो मॉनिटर ठेवतात, त्याचा फाटा सरकपट्टीच्या आधीच घेतात. बाहेरचा आवाज चढो-उतरो, त्याला त्याचा आवाज तेवढाच मिळतो. पूर्वी द्वारसभेत सारे कर्णे लोकांकडे तोंड करून असत. शाहिराला स्वतःचे काहीच ऐकू येत नसे, मग तो ओरडे, आणि तिसऱ्या कवनाला घसा बसे. ही सोय मी चैनीत धरीत नाही. राबणाऱ्याच्या हक्कांत धरतो.

परत आलेल्या आवाजाला स्वतःच्या रांगेतले तेच बटण असते. ते उघडे राहिले, तर आलेला आवाज पुन्हा त्याच वाटेला लागतो, फिरून येतो, पुन्हा जातो, आणि क्षणात आरोळी उठते. मॉनिटरचा आवाज माईकमध्ये शिरला की जी शीळ ऐकून आपण कान झाकतो, तिची जातही हीच.

1976 मध्ये इएमटीनेच आकड्यांवर चालणारे घुमाऱ्याचे यंत्र काढले. आज ते काम तळहाताएवढ्या पाटीवर होते आणि पेटीच्या आतच बसते. तिच्यावरची नावे वाचा: ‘हॉल’, ‘रूम’, ‘चेंबर’, ‘प्लेट’. पोलादी पत्रा कधीच उतरवला गेला, पण त्याचे नाव छापलेले आहे.