ऊर्जा-अर्थशास्त्र व ऊर्जाकायदा

वीज, इंधन यांचे उत्पादन, किंमत, अनुदान आणि नियमन यांचा एकत्रित अभ्यास करणारी विद्यापीठीय ज्ञानशाखा. बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाला (१९८३) संलग्न आहेत. या विषयाचे धागे तेथे अर्थशास्त्र, विधी व अभियांत्रिकी यांत विखुरलेले आढळतात. ते जुळवण्यासाठी जिल्ह्यातील कृषिपंपाचे वीजबिल हे उत्तम पाठ्यसाहित्य आहे.

मीटर नसलेल्या पंपाची आकारणी युनिटवर नव्हे, तर अश्वशक्तीवर होते. पाच अश्वशक्तीचा पंप दोन तास चालो वा आठ, आकार तोच. म्हणून उपसा आवरण्याचे कारण उरत नाही. विद्युत अधिनियम, २००३ चे कलम ५५ मात्र मीटरविना पुरवठा नको म्हणते. दर ठरवण्याचा अधिकार कलम ६२ व ८६ नुसार महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचा. शासनाला सवलत द्यायची असल्यास कलम ६५ प्रमाणे तिची रक्कम आगाऊ भरावी लागते. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर झाली, तेव्हा हेच कलम कळीचे ठरले. अनुदान थकले, की महावितरणची रोकड आटते आणि भार अखेर उद्योग व व्यापारी ग्राहकांच्या चढ्या दरांवर सरकतो.

दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार (१९९३) हा दुसरा अटळ धडा आहे. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार देण्याच्या अटीने राज्य वीज मंडळ कोंडीत सापडले. मूळ करार वाचल्याशिवाय हा विषय शिकवू नये.