जुन्या मोटरहोममधील प्रोपेन फर्नेस : दुरुस्त करावी की बदलावी?

मोटरहोम, म्हणजे इंजिनासह धावणारे चाकांवरचे घर, ही वस्तू अमेरिकेत १९६०च्या दशकात सर्वसाधारण कुटुंबाच्या आवाक्यात येऊ लागली. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी या छोट्या गावी विनेबागो कंपनीने १९६६ मध्ये अशा गाड्या बांधायला घेतल्या. पुढे १९७३ ते १९७८ या काळात जनरल मोटर्सने पुढच्या चाकांवर चालणारी, बुटकी आणि देखणी ‘जीएमसी मोटरहोम’ काढली. यांतील पुष्कळ गाड्या आजही हौशी मालकांनी जतन केल्या आहेत. त्यांचे इंजिन, रंग, गाद्या, पडदे यांवर पैसा आणि जीव दोन्ही ओतले जातात. पलंगाखाली किंवा कपाटाच्या तळाशी बसवलेल्या फर्नेसकडे मात्र थंडीची पहिली रात्र येईपर्यंत सहसा कोणी पाहत नाही.

फर्नेस म्हणजे गाडीतील हवा तापवणारी पत्र्याची बंदिस्त भट्टी. तिचे इंधन प्रोपेन. आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. ब्यूटेन साधारण शून्य अंशाच्या जवळच वायुरूप होणे थांबवतो, त्यामुळे बर्फाळ प्रदेशात तो निरुपयोगी ठरतो. प्रोपेन मात्र उणे ४२ अंश सेल्सिअसपर्यंत वायुरूप होत राहतो. उपकरणापर्यंत पोचताना गॅसचा दाब मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच असतो. अमेरिकी मोटरहोममध्ये तो पाण्याच्या ११ इंची स्तंभाइतका, म्हणजे सुमारे २८० मिलिमीटर राखतात. आपल्या घरगुती रेग्युलेटरमधून तो साधारण ३०० मिलिमीटर इतका मिळतो. फरक आहे तो गॅस खाण्याच्या वेगात. तासाला ३० हजार बीटीयू क्षमतेची फर्नेस अखंड पेटती राहिली तर तासाला सहाशे ग्रॅमहून थोडा अधिक गॅस जाळते. आपल्याकडचा १४.२ किलोचा सिलिंडर तिला एक दिवसही पुरणार नाही.

या यंत्राबाबत एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. बंद पडलेली फर्नेस बहुतेक वेळा निकामी झालेली नसते. तिला वीज किंवा हवा पुरेशी मिळत नसते एवढेच. याउलट व्यवस्थित पेटणारी, ऊब देणारी जुनी फर्नेस आतून फुटलेली असू शकते, आणि खरा धोका तिच्यापासून आहे. त्यामुळे ‘दुरुस्ती की बदल’ या प्रश्नाचे उत्तर ती पेटते की नाही यावर अवलंबून नसून तिच्या पोटातील एका पत्र्याच्या पेटीवर अवलंबून असते. या पेटीला हीट एक्सचेंजर म्हणतात.

पेटीच्या आत गॅस जळतो आणि बाहेरून खेळणारी गाडीतील हवा तिच्या तप्त पत्र्यावरून जाऊन गरम होते. ज्वलनासाठी लागणारी हवा गाडीबाहेरून घेतली जाते आणि जळालेला वायूही बाहेरच सोडला जातो. या दोन हवांची कधीच भेट होत नाही, आणि सारी सुरक्षितता एवढ्याच गोष्टीवर उभी आहे. एकाच मोटरच्या दांड्याला दोन्ही टोकांना दोन पंखे असतात. एक खोलीतील हवा फिरवतो, दुसरा ज्वलनाची. पेटीला तडा गेला की मधली भिंत नाहीशी होते, आणि ज्वलनाचा पंखा विषारी वायू दाबाने झोपायच्या जागेत ढकलू शकतो.

या विषाची ओळख आपल्या वाचकांना करून देण्याची गरज नाही. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे माणसे दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात छापाव्या लागतात. तिथे जीव घेतो तो कार्बन मोनॉक्साइडच. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. सुरुवातीला डोके दुखते, मळमळते, अंग गळून जाते. प्रवासाचा शीण म्हणून माणूस पांघरूण ओढून घेतो, आणि मग उठत नाही. गॅस गळतीचा जो उग्र वास आपल्याला परिचित आहे तो मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो. ज्वलनानंतर तोही उरत नाही.

आता तपासणीकडे वळू. गाडी बरेच महिने उभी असेल तर गॅसच्या नळ्यांत हवा शिरलेली असते. म्हणून आधी गाडीतील शेगडी पेटवून पाहावी. ज्योत निळी आणि स्थिर राहिली तर गॅस आणि रेग्युलेटर ठीक आहेत असे समजावे. तरी मूळचा, पन्नास वर्षांपूर्वीचा रेग्युलेटर तसाच असेल तर तो बदललेला बरा. आतील रबरी पडदा कडक होतो आणि दाब बेभरवशाचा होतो. नवा रेग्युलेटर दोन टप्प्यांत दाब उतरवणारा असावा.

यानंतर वीज. फर्नेसची मोटर १२ व्होल्टवर चालते आणि सात-आठ अँपिअर प्रवाह ओढते. रात्रीच्या दहा तासांत ती निम्मा वेळ चालली तरी चाळीस अँपिअर-तास खर्च होतात. शंभर अँपिअर-तासांची साधी शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये असा संकेत आहे. म्हणजे एका रात्रीतच ती जवळजवळ रिकामी होते. पहाटे व्होल्टेज उतरते, पंखा मंदावतो, आणि नेमक्या सर्वांत थंड वेळी फर्नेस पेटायची थांबते. मालक फर्नेसला दोष देतो, आणि दोष असतो बॅटरीचा.

असे का होते हे समजण्यासाठी एका छोट्या भागाची ओळख हवी. पंख्याच्या वाऱ्याच्या मार्गात पत्र्याची एक पातळ पाकळी बसवलेली असते. वारा पुरेसा असला की ती शिडासारखी ढकलली जाते आणि तिच्यामागचा स्विच मिटतो. म्हणूनच त्याला सेल स्विच, म्हणजे शिडाचा स्विच, असे नाव पडले. वारा कमी असेल तर स्विच मिटत नाही आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडत नाही. पंखा फिरतो आहे, पण ठिणगीची टकटक ऐकू येत नाही आणि ऊबही नाही, अशी तक्रार असेल तर प्रथम याच्याकडे पाहावे. पंखा चालू असताना फर्नेसच्या तारांवरच व्होल्टेज मोजावे, बॅटरीच्या टोकांवर नव्हे. जुन्या, गंजलेल्या जोडांत एखादा व्होल्ट सहज हरवतो. ते साडेदहाच्या खाली असेल तर पुढे काही उघडण्याआधी वीजपुरवठा सुधारावा. व्होल्टेज ठीक असेल तर पाकळीवर अडकलेला कापूस, धूळ, पाळीव कुत्र्याचे केस काढून पाहावेत. फर्नेसकडे हवा परत येण्याची जाळी कोणी सामानाने झाकली आहे का, पलंगाखालून जाणारी गरम हवेची लवचीक नळी चेंगरली आहे का, हेही पाहावे. हवा अडली की भट्टी भलती तापते आणि तापमान-मर्यादेचा स्विच तिला विझवतो. थोडे निवल्यावर पुन्हा पेटवतो. फर्नेस सारखी पेटत-विझत असेल तर कारण बहुधा हेच.

हे दोन्ही स्विच तारेने जोडून टाळण्याचा, म्हणजे यंत्राला फसवण्याचा, ‘जुगाड’ अमेरिकेतही चालतो. तो करू नये. क्षणभर निदानासाठी जाणकार तंत्रज्ञ तसे करतो, पण तसाच जोड ठेवून झोपणे म्हणजे राखणदाराला बांधून दार उघडे टाकण्यासारखे आहे.

गाडीच्या बाहेरच्या अंगाला धूर सोडणारी नळी असते. उभ्या गाडीच्या या नळीत कुंभारमाशी मातीचे घर बांधते, कोळी जाळे विणतात. ज्वलनाची हवा अडली की ज्योत पिवळी होते आणि काजळी धरते. नळीच्या तोंडाभोवती काळी झाक दिसली तर ती केवळ पुसून टाकू नये. तिचे कारण शोधावे.

ठिणगी पडते पण ज्योत धरत नाही, अथवा ज्योत धरून लगेच विझते, या तक्रारी निराळ्या. पहिलीत व्हॉल्व्ह, बर्नरमधील कचरा किंवा ठिणगीच्या टोकांतील अंतर तपासावे. हे अंतर साधारण तीन मिलिमीटर असते. दुसरीत ज्योतीची जाणीव इलेक्ट्रॉनिक पट्टीपर्यंत पोचत नसते, आणि बहुतेकदा अर्थिंगचा जोड गंजलेला असतो. येथे एक बारकावा आहे. बाहेरची वीज घेऊन १२ व्होल्ट पुरवणारे १९७०च्या दशकातील कन्व्हर्टर स्वच्छ एकदिश प्रवाह देत नाहीत. जुन्या मोटरला त्याचे काही वाटत नाही, नव्या पट्ट्या मात्र त्यामुळे वेडेवाकडे वागतात. बॅटरीवर नीट चालणारी फर्नेस कॅम्पच्या वीजजोडणीवर अडत असेल तर कन्व्हर्टरवर संशय घ्यावा.

सर्वांत जुन्या फर्नेसमध्ये ठिणगी नसतेच. एक लहान पायलट ज्योत सतत तेवत असते. ती विझली तर शेजारचा थर्मोकपल थंड होतो, त्याची काही मिलिव्होल्टची वीज थांबते आणि गॅस बंद होतो. ही रचना साधी आणि टिकाऊ आहे. थर्मोकपल बदलणे फारसे अवघड नाही. पण पेट्रोलपंपावर शिरण्यापूर्वी पायलट विझवलीच पाहिजे. पेट्रोलच्या वाफा आणि गाडीच्या पोटात उघडी ज्योत हा योग कसा आहे हे सांगायला नको. या एका कारणासाठी फर्नेस बदलणारे मालकही आहेत, आणि ते चुकत नाहीत.

आतापर्यंतचे सगळे दोष दुरुस्त होण्याजोगे आहेत. मोटर, स्विच, पट्टी, व्हॉल्व्ह हे भाग मिळतात किंवा त्यांना पर्याय मिळतात. मोटर बदलताना दोन्ही पंखे मूळच्याच अंतरावर आणि मूळच्याच दिशेने बसवावेत, नाहीतर नवी मोटरही पुरेसा वारा देत नाही. मात्र दुरुस्तीसाठी फर्नेस बाहेर काढलीच आहे तर हीट एक्सचेंजर पाहिल्याशिवाय ती परत बसवू नये. खोलीत अंधार करून पेटीच्या आत प्रखर दिवा धरावा आणि बाहेरून प्रत्येक सांधा, प्रत्येक वळण न्याहाळावे. प्रकाशाची बारीकशी रेघ दिसली तरी निर्णय झाला. प्रकाश दिसला नाही म्हणून पेटी निर्दोष ठरते असे मात्र नाही. तापल्यावरच उघडणारे तडे असतात. खोल गंज, पापुद्रे सुटलेला पत्रा, वितळून वाकलेला भाग हेही नकाराचेच संकेत समजावेत. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, ती थंड पत्र्यावर जमते, आणि वर्षानुवर्षे उभ्या गाडीत तो ओलावा पत्रा खात राहतो. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना गंजाची ही संथ चाल ठाऊक आहे.

फुटलेल्या पेटीला वेल्डिंग करून चालत नाही. हा पत्रा रोज कित्येकदा लाल होण्याच्या बेतापर्यंत तापतो आणि निवतो. जोडाशेजारी नवा तडा जातो. काही मॉडेलांची नवी पेटी स्वतंत्र मिळते. ती मिळाली आणि बाकीचा सांगाडा चांगला असला तर तेवढीच बदलणे योग्य. न मिळाल्यास संपूर्ण फर्नेस बदलावी. पन्नाशीच्या गाडीत बहुधा हीच वेळ येते. जुने पांढरट, तंतुमय गॅस्केट किंवा आवरण दिसले तर त्यात अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चालावे. ते कोरडे खरवडू नये आणि त्याचा चुरा श्वासात जाऊ देऊ नये.

नवी निवडताना कंपनीपेक्षा मापे महत्त्वाची. टेनेसीतील डेटन येथील सबर्बन आणि अॅटवूड ही या धंद्यातील दोन जुनी नावे. अॅटवूड २०१४ मध्ये डोमेटिक कंपनीने घेतली. लांबी, रुंदी, खोली, बाहेरच्या भिंतीतील भोकाची जागा, गॅसनळी कोणत्या बाजूने येते आणि गरम हवेच्या नळ्या किती आहेत, हे कागदावर लिहून मगच चौकशी करावी. अधिक क्षमतेची फर्नेस घेण्याचा मोह टाळावा. नळ्या आणि परतीची जाळी जुन्याच मापाच्या राहिल्या तर ती वाढीव उष्णता बाहेर पडत नाही आणि मर्यादा-स्विचच सतत काम करत बसतो. लाकडापासून किती अंतर सोडायचे ते फर्नेसवरील पट्टीवर छापलेले असते. जुन्या कपाटात ते बसत नसेल तर कपाट कापावे, अंतर कापू नये.

पर्यायही आहेत. जर्मनीच्या ट्रुमा आणि ब्रिटनच्या प्रोपेक्स यांची आटोपशीर यंत्रे कमी वीज घेतात, पण त्यांना बसवण्यासाठी भिंतीत किंवा तळाला नवी भोके पाडावी लागतात आणि गाडीचे मूळ रूप जपणाऱ्यांना ते रुचत नाही. उत्प्रेरकावर चालणारे गॅस हीटर वीज मुळीच घेत नाहीत. मात्र ते खोलीतीलच प्राणवायू वापरतात आणि जळालेला वायू खोलीतच सोडतात. खिडकी उघडी ठेवूनच ते वापरायचे असतात, आणि ते लावून झोपण्याचा विचार आमच्या मते करूच नये.

गॅसची जोडणी प्रमाणित तंत्रज्ञाकडून करून घ्यावी. गळती शोधण्यासाठी साबणाचे पाणी वापरावे, काडी कधीही नव्हे, आणि शेवटी मॅनोमीटर लावून दाब टिकतो का ते पाहावे. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. त्याचा शोधक खाली, फरशीजवळ बसवतात. कार्बन मोनॉक्साइडचा शोधक वेगळा असतो आणि तो झोपण्याच्या जागेजवळ हवा. दोन्हींचे आयुष्य मर्यादित असते, साधारण पाच ते सात वर्षे. मागच्या बाजूची तारीख वाचावी. चाचणीचे बटण दाबल्यावर होणारा आवाज केवळ भोंगा चालू असल्याचे सांगतो. नवी फर्नेस प्रथम पेटवल्यावर पत्र्यावरचे कारखान्यातील तेल जळून थोडा धूर आणि वास येतो. तेवढा वेळ दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात, आणि हा पहिला प्रयोग दिवसाउजेडी करावा.