पारपत्र आणि अनुशासन : लालबागहून थायभूमीकडे

लालबागच्या एका चाळीत राहणारा आमचा एक विद्यार्थी काही महिन्यांपूर्वी कागदांनी भरलेली पिशवी घेऊन आमच्याकडे आला. पाली विषय घेऊन त्याने एम. ए. केले आहे. थायलंडमध्ये राहून थाई भाषा शिकावी आणि पुढे तेथेच पालीचे अध्ययन करावे, ही त्याची इच्छा. तेथील संस्थेचे प्रवेशपत्र त्याला मिळाले होते. परंतु विद्यार्थी-व्हिसासाठी लागणारे इतर कागद एकमेकांशी जुळत नव्हते. कोकणातील गावच्या जन्मनोंदीत नावाची जागा कोरी होती. तेथील जन्मतारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारखेहून निराळी होती. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, तर पारपत्रावर शेवटी. पिशवी आमच्यापुढे रिकामी करून तो म्हणाला, "सर, मी तो मीच आहे, हे किती ठिकाणी सिद्ध करायचे?"

हा प्रश्न केवळ कचेरीचा नाही. धम्माच्या अध्ययनासाठी दूरदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला कोणी ना कोणी असे प्रश्न विचारलेले आहेत. ते कोणते, कोणी विचारले आणि त्यांची उत्तरे देण्यास कोणी साहाय्य केले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्याचे आम्ही योजिले आहे.

थाई भाषा कशासाठी?

प्रथम एका शंकेचे निरसन केले पाहिजे. पालीच्या अभ्यासकाने थाई का शिकावी? नालंदा येथून भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली १९५६ ते १९६१ या काळात देवनागरी तिपिटकाचे ४१ खंड प्रसिद्ध झाले. त्यांच्या तळटीपांत 'स्या.' हे अक्षर पदोपदी आढळते. ते स्यामी, म्हणजे थाई लिपीतील मुद्रित प्रतीचे पाठभेद दर्शविते. राजा चुलालंकरण यांनी १८९३ साली तिपिटकाचे ३९ खंड थाई लिपीत छापवून घेतले आणि जगभरातील विद्यासंस्थांना भेट म्हणून पाठविले. आपण 'स्या.' हे अक्षर वाचतो, पण त्यामागील ग्रंथ वाचू शकत नाही. शिवाय थायलंडमधील पालीच्या परंपरागत परीक्षांच्या नऊ श्रेणी असून त्यांत पालीतून थाईत आणि थाईतून पालीत भाषांतर करावे लागते. थाई न शिकता त्या परंपरेत प्रवेश नाही. बँकॉकच्या वाट महाथात येथे १८८७ मध्ये स्थापन झालेले आणि आज महाचुलालंकरणराजविद्यालय या नावाने ओळखले जाणारे विद्यापीठ इंग्रजी माध्यमातूनही शिकविते, हे खरे. परंतु विहारातील वर्ग, टीकाग्रंथ आणि आचार्यांशी होणारा नित्याचा संवाद थाईतच चालतो.

विनयातील प्रश्नावली

आता विनयपिटकाकडे वळू. महावग्गाच्या पहिल्या खंधकात उपसंपदेचा विधी सांगितला आहे. संघात प्रवेश मागणाऱ्याला संघासमोर उभे करून काही प्रश्न विचारले जातात. त्यांना 'अन्तरायिक धम्म', म्हणजे प्रवेशाच्या आड येणाऱ्या गोष्टी, असे म्हटले आहे. तुला अमुक पाच रोगांपैकी एखादा आहे काय? तू मनुष्य आहेस ना, पुरुष आहेस ना, स्वतंत्र आहेस ना? तुझ्यावर ऋण नाही ना? तू राजाच्या चाकरीत नाहीस ना? आईवडिलांची अनुज्ञा आहे ना? वयाची वीस वर्षे पूर्ण झाली ना? पात्र व चीवर आहे ना? तुझे नाव काय, आणि तुझ्या उपाध्यायाचे नाव काय?

आजच्या विद्यार्थ्याच्या पिशवीशी ही यादी ताडून पाहावी. रोगाच्या जागी वैद्यकीय दाखला, ऋणाच्या जागी बँकेचा उतारा, राजसेवेच्या जागी नोकरी देणाऱ्याचे ना-हरकत पत्र, आईवडिलांच्या अनुज्ञेच्या जागी पालकांचे खर्चाचे हमीपत्र, वयाच्या जागी जन्मदाखला, उपाध्यायाच्या नावाच्या जागी संस्थेचे प्रवेशपत्र. अडीच हजार वर्षांत विचारणारा बदलला. प्रश्न फारसे बदलले नाहीत.

यांतील बहुतेक प्रश्नांमागे एकेक घटना आहे. जीवकाकडून उपचार मिळावेत म्हणून रोगी संघात येऊ लागले. बिंबिसाराचे सैनिक युद्ध टाळून भिक्खू झाले. राहुलच्या प्रव्रज्येने व्यथित झालेल्या शुद्धोदनाने आईवडिलांच्या अनुज्ञेचा नियम मागून घेतला. ऋणको आणि पळून आलेले दास यांविषयीचे नियम धनको व मालक यांच्या तक्रारींतून आले. दासावर त्या नियमाचा भार पडला, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तथापि या संपूर्ण प्रश्नावलीत एक प्रश्न नाही : तुझी जात कोणती? चुल्लवग्गात शाक्यकुमार स्वतःच विनंती करतात, की आमच्याआधी उपालि न्हाव्याला प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हांस त्याला वंदन करावे लागेल व आमचा शाक्यपणाचा मान गळून पडेल. निर्माल्य उचलणाऱ्या पुक्कुस कुळातील सुनीत थेर झाला. संघाच्या द्वारी नाव व गुरू विचारला जाई, कुळ नाही.

ज्यांना घरी द्वार बंद होते

हा नियम पुढे सर्वत्र पाळला गेला नाही. सिंहलद्वीपात उपसंपदेची परंपरा खंडित झाल्यावर राजा कीर्ती श्री राजसिंह यांच्या विनंतीवरून १७५३ मध्ये स्यामच्या अयुथ्येहून उपालि थेर आपल्या भिक्खूंसह तेथे आले आणि ती पुन्हा सुरू झाली. थेरांच्या देशाच्या नावावरून त्या परंपरेला स्यामनिकाय म्हणतात. परंतु काही वर्षांतच तीत गोविगम या उच्च मानलेल्या जातीखेरीज इतरांना उपसंपदा देणे बंद झाले. जो प्रश्न विनयाने विचारला नव्हता, तो राजसत्ता आणि प्रतिष्ठितांनी विचारला.

तेव्हा सालागम जातीतील अंबगहपिटिये ञाणविमल हे १७९९ मध्ये सोबत्यांसह समुद्र ओलांडून ब्रह्मदेशी गेले, राजधानी अमरपुर येथे उपसंपदा घेऊन १८०३ मध्ये परतले आणि अमरपुरनिकाय उदयास आला. घरी जातीने दार अडविले, परदेशी धम्माने उघडले. आमच्या वाचकांना या घटनेचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको.

परळची दोन उदाहरणे

लालबागला लागूनच परळ. तेथील पोयबावाडीच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेब आंबेडकरांचे बिऱ्हाड होते. १९१३ साली ते अमेरिकेस निघाले, तेव्हा त्यांच्याजवळचा निर्णायक कागद होता बडोदे संस्थानाशी ४ जून १९१३ रोजी केलेला करारनामा. दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. वडिलांच्या निधनाला तेव्हा चार महिनेच झाले होते. बाबासाहेबांचे परदेशगमन आपण बुद्धिमत्तेची कथा म्हणून सांगतो. ती एका करारनाम्याचीही कथा आहे.

दुसरे उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले कोसंबी बौद्ध धर्माच्या शोधात घर सोडून पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ अशी पायपीट करीत १९०२ मध्ये सिलोनला पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली ते पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशातही राहिले. हाच अभ्यास त्यांना हार्वर्डपर्यंत घेऊन गेला. १९३० च्या दशकात त्यांनी परळच्या कामगारवस्तीत बहुजनविहार उभा केला. जन्माने पोर्तुगीज प्रजा असलेल्या या तरुणाला सिलोनच्या द्वारी कागदांची पिशवी रिकामी करावी लागली नाही. तो काळच निराळा होता.

कागदाचे राज्य

तो काळ पहिल्या महायुद्धाने संपविला. १९१७ मध्ये युद्धकालीन नियमांनी पारपत्र सक्तीचे झाले आणि १९२० च्या भारतीय पारपत्र अधिनियमाने ती व्यवस्था कायम झाली. स्वातंत्र्यानंतरही पारपत्र देणे न देणे शासनाच्या मर्जीवर होते. १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की परदेशगमन हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. त्याच वर्षी नवा पारपत्र अधिनियम झाला. म्हणजे आमचा विद्यार्थी खिडकीपाशी उभा राहतो तो कृपा मागण्यासाठी नव्हे. तो एक अधिकार बजावीत असतो.

पण अधिकार कागदावरून चालतो, आणि गिरणगावातील घरांत कागद सर्वांत दुर्मिळ. आजोबांजवळ होता गिरणीचा बदली पास. साचेखात्यात नळीचा धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या समजुतीने अस्पृश्यांना तेथे कामच मिळत नसे. बदली पासावर कोणते खाते लिहिले जाईल हे जात ठरवी. जन्म गावी, नोकरी मुंबईत, रेशनकार्ड तिसऱ्याच्या पत्त्यावर. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि पुढे अनेक घरांतून गिरणीचा कागदही गेला.

जन्मदाखल्याची गाठ पूर्वी अधिक घट्ट होती. २६ जानेवारी १९८९ नंतर जन्मलेल्यांना पारपत्रासाठी तो अनिवार्य होता. डिसेंबर २०१६ मध्ये नियम सैल होऊन शाळा सोडल्याचा दाखला आणि इतर काही कागद जन्मतारखेचा पुरावा म्हणून ग्राह्य झाले. आमच्या विद्यार्थ्याला पारपत्र मिळाले ते यामुळेच.

पारपत्रावर धर्म किंवा जात लिहिलेली नसते. ती आडवी येते शिष्यवृत्तीच्या वाटेवर. १९५६ नंतर धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांत एका भावाच्या दाखल्यावर 'हिंदू-महार' तर दुसऱ्याच्या दाखल्यावर 'बौद्ध' असे आढळते. कारण १९९० च्या दुरुस्तीपर्यंत केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना नव्हत्या आणि पालक मुलाच्या भवितव्यासाठी जुने नाव लिहीत. शिवाय केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्कृती, वारसा व इतिहास यांवरील विषय वगळले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. एका हाताने मान आणि दुसऱ्या हाताने वाट बंद, अशी ही स्थिती आहे.

'जाति' या शब्दाचा प्रवास

थाई शिकणाऱ्याला तेथील अर्जात 'सञ्चात' हा शब्द भेटतो. हा आपल्या पाली 'सञ्जाति'चाच थाई उच्चार, अर्थ राष्ट्रीयत्व. नुसता 'चात' म्हणजे 'जाति' : जन्म, आयुष्य, राष्ट्र. पदवीला तेथे 'परिन्या' म्हणतात, तो 'परिञ्ञा' होय. पालीतील 'जाति'चा मूळ अर्थ जन्म एवढाच. तोच शब्द एका भूमीत राष्ट्र झाला आणि आपल्या भूमीत उतरंड झाला. ज्या मुलाच्या प्रत्येक दाखल्यावर जातीचा रकाना आहे, त्याने परक्या देशातील अर्जात त्या शब्दापुढे 'भारतीय' असे लिहावे, ही साधी घटना आम्हांस फार मोलाची वाटते.

अनुशासन

विनयातील त्या प्रसंगाचा उत्तरार्ध सांगून लेख पुरा करू. प्रारंभी उमेदवाराला एकदम संघासमोर उभे करून प्रश्न विचारीत. तो गोंधळे, लाजे, त्याला उत्तर देता येत नसे. तथागतांनी प्रश्न काढून टाकले नाहीत. त्यांनी सांगितले, की आधी त्याला शिकवा, मग विचारा. पण तेही संघाच्या मध्यभागीच होऊ लागले आणि तो पुन्हा गोंधळला. तेव्हा ठरले, की त्याला एका बाजूस नेऊन समजावून सांगावे, मग संघात आणावे. आणि हे काम अज्ञ व अकुशल व्यक्तीने करू नये. समर्थ व संघाने नेमलेल्या भिक्खूनेच करावे. यालाच 'अनुशासन' म्हटले आहे.

आमचे विद्यार्थी आज थेट खिडकीसमोर जाऊन उभे राहतात. जानेवारी २०२५ पासून थायलंडचा व्हिसा-अर्ज भारतातून संगणकावरच भरावा लागतो. गोंधळलेल्याचा चेहरा पाहणाराही समोर नाही. एका बाजूस नेणारा भेटलाच, तर तो बहुधा पैसे घेणारा दलाल असतो. म्हणून प्रत्येक विहाराने वर्षातून दोन दिवस या कामासाठी द्यावेत आणि माहीतगार उपासक-उपासिकांची त्यासाठी रीतसर नेमणूक करावी. मुलगा दहावीत असतानाच जन्मनोंदीत नाव आहे काय ते पाहावे, कारण शाळा सुटल्यावर दाखला दुरुस्त करणे अवघड जाते. नावाचा क्रम व स्पेलिंग सर्व कागदांवर एक करून घ्यावे. बदल असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करावा. पदवीपत्रांचे साक्षांकन आधी राज्याचे, मग परराष्ट्र मंत्रालयाचे, हा क्रम सांगावा. शैक्षणिक व्हिसावर प्रथम ९० दिवसांचा मुक्काम मिळतो व पुढील मुदतवाढ तेथेच घ्यावी लागते, हेही निघण्यापूर्वी समजावून द्यावे.

आमच्या विद्यार्थ्याची पिशवी आम्ही तीन रविवार विहारात बसून लावली. प्रतिज्ञापत्र झाले, गावाहून नावाची नोंद होऊन आली, अर्ज गेला. त्याची आई गिरणी कामगाराची मुलगी. व्हिसा आल्याचे कळले तेव्हा तिने सर्व कागद आमच्याकडून परत मागून घेतले, नव्या पिशवीत घातले आणि म्हणाली, "धाकटीला लागतील."